चोखोबांची पायरी आणि आपली पावती



श्रीविठ्ठलाच्या चरणी मस्तक ठेवून आणि वडीलधाऱ्या मंडळींची अनुज्ञा घेऊन आज चार शब्द सादर करण्याचे योजिले आहे. आम्ही विद्वान नव्हे. शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. पुढची विद्या गाभाऱ्यात, तीर्थरूपांच्या हाताखाली मिळाली तेवढीच. अधिकउणे बोलले गेल्यास पोरवय समजून क्षमा व्हावी.

संतवाङ्मय ऐकताना शब्दांमागील गूढार्थ शोधावा, असे आपणांस लहानपणापासून शिकविले जाते. गवळण म्हणजे जीव, तिची घागर म्हणजे देह, भारुडातील विंचू म्हणजे मनातील विकार. ही दृष्टि मोलाची आहे यात संशय नाही. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. जेथे संताने आपले दुःख उघड्या शब्दांत सांगितले, तेथेही आपण गूढार्थ शोधू लागतो, आणि समोरचा सरळ अर्थ हातून निसटतो. संत चोखामेळा यांच्या बाबतीत आपल्याकडून नेमके हेच घडले आहे.

चोखोबा मंगळवेढ्याचे, महार जातीचे. 'चोखा' या शब्दाचा अर्थच शुद्ध असा आहे. ज्याचे नाव शुद्ध, त्याच्याच सावलीचा लोकांना विटाळ! नामदेवांच्या संगतीने ते विठ्ठलभक्त झाले. पण देवळात पाऊल टाकण्याची त्यांना मुभा नव्हती. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून, इतर मजुरांसमवेत, शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये त्यांचा अंत झाला. नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थि शोधिल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. त्या पंढरपुरी आणून महाद्वारासमोर त्यांची समाधि बांधली गेली. मृत्यूनंतरही चोखोबा दाराबाहेरच राहिले.

आता कीर्तनांतून आम्ही काय ऐकिले? चोखोबांच्या अभंगांतील दार म्हणजे अज्ञानाचा पडदा, आणि त्यांचे बाहेर तिष्ठणे म्हणजे जीवाची शिवासाठी तळमळ. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु सज्जनहो, ते दार लाकडाचे होते. त्याच्या आत आमच्यासारखे पुजारी उभे होते, आणि बाहेर एक हाडामांसाचा मनुष्य उभा होता. दाराला माया म्हटले की ते कोणी बंद केले हे विचारावे लागत नाही.

या एका कुटुंबाची वाणी पाहावी. पूर्वजन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली, त्याचे फळ म्हणून हा जन्म आला, अशा आशयाचा एक अभंग चोखोबांच्या नावे आहे. तो आपल्याला फार आवडला, कारण त्यात आपल्याकडे कोणताच दोष येत नाही. पण त्यांच्या पत्नी सोयराबाई विचारतात की विटाळ देहातच उपजतो, तर त्यावाचून जन्मलेला असा कोण आहे? पुत्र कर्ममेळा तर थेट देवालाच जाब विचारतो, की आम्हाला हीन कां केलेस, आणि ते करताना तुला लाज कशी वाटली नाही? एकाच घरातील तीन वाणी. त्यांतील जी ऐकावयास सोयीची, ती आपण अधिक आळविली. ज्याला उंबऱ्यापाशी उभे राहण्यासाठीही दया भाकावी लागते, त्याच्या नम्र शब्दांवरून तो समाधानी होता असे अनुमान काढणे हा न्याय नव्हे.

याच कथेत आमच्यासारख्यांना धीर देणारीही एक गोष्ट आहे. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते.  जे ऐकिले ते लिहिले. पुरोहिताच्या मुलाने कोणाचा कित्ता गिरवावा, असे कोणी आम्हास पुसल्यास आम्ही त्याचेच नाव सांगू.

पुढे १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. अस्पृश्यांच्या इतिहासावरील आपला १९४८ सालचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा हे एक होत. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरी उपोषण केले, आणि ते महाद्वार सर्वांना खुले झाले. समाधीपासून गाभाऱ्यापर्यंत काही पावलांचे अंतर. ते कायद्याने व लोकमताने ओलांडावयास सहाशे नऊ वर्षे लागली. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. दार उघडले. मग आता बोलावयाचे काय उरले?

जे उरले ते आमच्याच हातून घडले, म्हणून सांगणे प्राप्त आहे. गतवर्षी कार्तिकी एकादशीस आपल्या देवालयात अभिषेकाच्या पावत्या फाडण्याचे काम आमच्याकडे होते. एक तरुण आपल्या वृद्ध आईस घेऊन आला. नाव लिहिले. 'गोत्र?' असे विचारिले. तो गप्प राहिला. मागे रांग खोळंबली होती. आम्ही विचारिले, 'मूळ गाव कोणते?' त्याने गाव सांगितले. आम्ही पुन्हा विचारिले, 'आणि आडनाव?' तेव्हा आईने मुलाच्या दंडास हात लाविला व ती म्हणाली, 'राहू द्या महाराज. आम्ही पायरीवरूनच हात जोडतो.' दोघांनी पायरीवरून नमस्कार केला, दक्षिणापेटीत काही टाकिले आणि ती निघून गेली.

रात्री हे तीर्थरूपांच्या कानी घातले. ते क्षणभर थांबून म्हणाले, 'संकल्पास गोत्र लागते. गाव आणि आडनाव कशाला लागले? आणि गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, हे तुला मुंजीनंतर पहिल्याच वर्षी शिकविले होते.'

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती मायलेकरे कोण होती, हे आम्हास ठाऊक नाही. परंतु आमच्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटात कोणता प्रश्न दडला होता, हे त्या माउलीने तत्काळ ओळखिले. विचारणाऱ्याला मात्र तो घरी आल्यावर उमगला. संतांच्या उघड्या शब्दांत आम्ही गूढार्थ शोधीत बसलो होतो. खरा गूढार्थ आमच्याच प्रश्नांत होता.

आपले पूर्वज महाराष्ट्र सोडून या शहरी आले. पंढरी दूर पडली म्हणून त्यांनी विठ्ठलाची मूर्ति येथे आणून स्थापिली. नव्या मुलखात त्यांनाही 'तुम्ही कोण, कुठले?' असे कितीदा विचारिले गेले असेल! त्या प्रश्नाची बोच ज्यांच्या घराण्याने अनुभविली, त्यांनी देवाच्या दारी तो दुसऱ्यास विचारू नये.

म्हणून व्यवस्थापक मंडळींस नम्र विनंति आहे. पावतीवरील गोत्राचा रकाना यजमानाने सांगितले तर भरावा. न सांगितल्यास काश्यप लिहून पुढचे नाव घ्यावे. दुसरा प्रश्न विचारू नये. यास खर्च काही नाही. आणि घरोघरी चोखोबांचा अभंग म्हणताना एकदा तरी गूढार्थ बाजूस ठेवून, ते जे बोलले तेच ऐकावे.

ती मायलेकरे पुन्हा दिसली नाहीत. त्यांचे आडनाव जाणण्याची आता इच्छाही नाही. त्यांचा अभिषेक मात्र राहून गेला आहे. येत्या कार्तिकीस ती येवोत, आणि पावतीच्या मेजावर बसलेल्यास तोवर सुबुद्धि लाभो, हीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.