अकराव्या तासाची मजुरी

बायबलमधील वचने आजच्या जीवनाशी कशी जोडावीत हा प्रश्न आमच्या ख्रिस्ती मंडळीत वारंवार निघतो, आणि तो निघाला म्हणजे उपासनेची भाषा सोपी करावी, गीतांना नव्या चाली लावाव्यात, तरुणांची शिबिरे भरवावीत, असे उपाय सुचविले जातात. परंतु वचन खरोखरच जुने झाले आहे, की ते जेथे लागू पडावयाचे तेथून उचलून आपणच त्यास भलत्या ठिकाणी नेऊन ठेवले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मला हा दुसरा संशय अधिक बळकट वाटतो, आणि त्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील एक दृष्टांत पुरेसा आहे.

द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवितो व दिवसाला एक दीनार, म्हणजे त्या काळची चालू रोजंदारी, कबूल करतो. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या तासाला, दिवस मावळावयास तासभर उरला असता, बाजारात उभे असलेले लोक तो कामावर घेतो, आणि संध्याकाळी कारभाऱ्यास हुकूम देतो की शेवटी आलेल्यांपासून आरंभ करून सर्वांची मजुरी चुकती करावी. प्रत्येकाच्या हातावर तोच एक दीनार पडतो, व दिवसभर उन्हात तापलेले लोक कुरकुर करू लागतात. आमचे पाळक हा दृष्टांत फार सुंदर उलगडून सांगतात: धनी म्हणजे परमेश्वर, दीनार म्हणजे तारण, अकराव्या तासाचा मजूर म्हणजे मृत्युशय्येवर पश्चात्ताप करणारा पापी. हा अर्थ खोटा नाही. किंबहुना ईश्वरी कृपा कोणाच्या हजेरीपटावरून मोजली जात नाही हेच त्या कथेचे मर्म आहे. पण तेवढ्यावरच थांबले की दीनार हे नाणे होते याचा विसर पडतो, आणि ऐकणाऱ्याचा खिसा सुखरूप राहतो.

शहरातील कोणत्याही मजूर नाक्यावर सकाळी जाऊन पाहावे. थापी व ओळंबा पिशवीत घातलेले गवंडी, ब्रशांचे दांडे पिशवीबाहेर दिसतील असे धरून उभे राहिलेले रंगारी, आणि घमेली पालथी घालून त्यांवर बसलेल्या बिगारी बायका तेथे गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. आठ-साडेआठपर्यंत सौदे रास्त भावाने होतात. दहानंतर जो उरतो त्याचा भाव पडू लागतो, आणि घरून आणलेला डबा पदपथावरच उघडावा की काय अशा विचारात तो असता एखादा गृहस्थ येऊन निम्म्या मजुरीत काम मागतो व ते त्यास मिळते. हा गृहस्थ आदल्या रविवारी वरील प्रवचन ऐकून आलेला असणे अशक्य नाही. बाजाराच्या रीतीने पाहता त्याने काही गैर केले नाही. दृष्टांतातील धनी मात्र नेमका येथेच बाजाराशी फारकत घेतो, कारण उशिरा काम मिळालेल्या माणसाच्या घरची भूक तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही हे तो जाणतो. आणि तो माणूस आळसाने उभा नव्हता, त्यास कोणी बोलावलेच नव्हते, हेही तो त्याच्याच तोंडून वदवून घेतो.

असा धनी भेटला तर दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर कोण येईल, हा व्यवहारी माणसाचा आक्षेप पोकळ नाही, आणि त्यास उत्तर देण्याचे काम कथेनेही अंगावर घेतलेले नाही. तिने एवढेच दाखविले आहे की पहाटेच्या मजुरांशी झालेला करार पैभरही मोडला नाही. जे अधिक दिले ते धन्याच्या गाठीचे. म्हणून दृष्टांतास वेतनाचे दरपत्रक समजणे चूक, आणि वेतनाशी त्याचा संबंधच नाही असे मानणे त्याहून मोठी चूक.

जॉन रस्किन याने 1860 साली अर्थशास्त्रावर लिहिलेल्या निबंधांचे नाव याच दृष्टांतातून घेतले होते; 'कॉर्नहिल' मासिकाच्या वाचकांस ते इतके झोंबले की संपादक थॅकरे यास ती माला चार निबंधांवर आवरती घ्यावी लागली. 1904 साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधींनी आगगाडीत त्या निबंधांचे पुस्तक वाचले, आणि त्यातून फिनिक्स वसाहतीची जी योजना निघाली तीत वर्ण वा राष्ट्र न पाहता प्रत्येक काम करणाऱ्यास दरमहा 3 पौंड असा नियम ठेवला. पुढे त्या पुस्तकाचे सार त्यांनी गुजरातीत उतरविले, त्याचे नाव 'सर्वोदय'. आम्ही जे वचन तारणाच्या खात्यात जमा करून निश्चिंत झालो होतो, ते एका वैष्णव बॅरिस्टराने पगारपत्रकात मांडले. मंडळीच्या इतिहासात ही गोष्ट थोड्या संकोचानेच नोंदवावी लागेल.

संकोच फार दूरचा नको असेल तर मंडळी स्वतःही धनी आहे. आवार झाडणारी बाई, रात्रीचा रखवालदार, नाताळापूर्वी मंदिरास रंग देणारे रंगारी, हे सर्व तिच्याच दप्तरात आहेत, आणि रंगाच्या कामात किती रक्कम वाचविली हे वार्षिक सभेत खजिनदार अभिमानाने सांगत असतो. ती कोणाच्या मजुरीतून वाचली, असे विचारण्याचा प्रघात नाही. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी असा दंडक बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. बायबल अभ्यासवर्गास यंदा नवा विषय हवा असेल, तर तो अध्याय आणि आवार झाडणाऱ्या बाईचे पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचावे. तिचा पगार कोणत्या तारखेस होतो एवढे पाहिले तरी पहिल्या बैठकीस ते पुरे.