उतारशाळेचा चालक



१४ जुलै हा संत कमिल्लस दी लेल्लिस यांचा सण. आजारी माणसे, रुग्णालये आणि परिचारिका यांचे ते आश्रयदाते संत. आपल्या धर्मग्रामात बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी नर्स आहे, म्हणून या रविवारी त्यांच्याविषयी चार शब्द.

भल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो, याजक आणि लेवी बगल देऊन निघून जातात, शोमरोनी मात्र थांबतो. (त्या याजकाचा उल्लेख आला की आम्ही आजही वेदीवर जरा अवघडतो.) पण दाखल्यात आणखी एक माणूस आहे, त्याच्याविषयी प्रवचनात सहसा कोणी बोलत नाही. शोमरोन्याने एक रात्र शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या चालकाच्या हाती दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी ठेवली, उरलेला खर्च परत येताना देईन म्हणाला आणि वाटेला लागला. मग पुढच्या दिवसांत पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री ताप चढला तेव्हा उशाशी कोण बसले? पाणी पाजणे, कूस वळवणे, अंथरूण बदलणे हे सारे त्या चालकाच्या वाट्याला आले असणार. संत लूक त्याचे नाव देत नाहीत, त्याच्या तोंडी एक वाक्यही घालत नाहीत.

ओरिजेन आणि संत ऑगस्टीन यांनी या उतारशाळेचा अर्थ ख्रिस्तसभा असा लावला आहे. तो मानला, तर चालकाचे काम आपल्या सर्वांचे आहे, आणि आपल्यापैकी ज्या भगिनी आणि बंधू रुग्णालयात पाळी करतात ते आपल्या वतीने ते रोज करीत आहेत.

संत कमिल्लस स्वतः आधी रुग्ण होते. १५५० साली इटलीत जन्म, तरुणपणी सैनिक, जुगारात अंगावरचे कपडेही घालवून बसलेले. पायाची जखम जन्मभर भरली नाही. तिच्यावर उपचारासाठी ते रोमच्या रुग्णालयात आले आणि तेथे पाहिले, की पैशासाठी ठेवलेले सेवक रुग्णांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तेथूनच त्यांच्या संघाचा आरंभ झाला. त्यांच्या संघबंधूंना १५८६ मध्ये झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगी मिळाली. रेड क्रॉस संस्थेचे चिन्ह त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी आले.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. परळ आपल्यापासून लोकलने तासाभराच्या आसपास. तेथील केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका काम करीत होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तेथीलच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. ती वाचली, पण पुन्हा उठली नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले, तोपर्यंत एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ ती त्याच रुग्णालयात खाटेवर होती.

या एकेचाळीस वर्षांत तिला सांभाळले कोणी? केईएमच्या परिचारिकांनी. बरीच वर्षे तोंडाने मऊ अन्न भरवले, पुढे नळीने. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होऊन त्या चिघळतात. ज्यांच्या घरी असा आजारी आहे त्यांना हे किती कठीण ते ठाऊक आहे. घरात महिनाभरातच पाठ सोलते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी अरुणाची तपासणी केली, तेव्हा तिच्या अंगावर अशी एकही जखम नव्हती. तिच्याबरोबर काम केलेल्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी १९७३ नंतर जन्मलेल्या मुली आल्या. अरुणाचा आवाजही त्यांनी कधी ऐकला नव्हता, तरी त्यांनी ती आपली मानली.

तिच्या हालांचा कळवळा येऊन एका लेखिकेने तिला मरू द्यावे अशी याचिका केली होती. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असे मानले आणि त्यांच्या सेवेचा गौरव केला. याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याला वाट करून दिली, तो भाग आपण सावधपणे वाचला पाहिजे. आवाक्याबाहेरचे, निष्फळ उपचार नाकारता येतात असे ख्रिस्तसभाही सांगते. अन्न, पाणी, स्वच्छता मात्र कोणाचीही तोडता येत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'व्यक्ती' म्हणजे काय याची बोएथियसची व्याख्या आम्ही पाठ केली होती, परीक्षेत गुणही मिळाले. जी बोलत नाही, ओळखत नाही, काही परतही देत नाही, ती पूर्ण व्यक्ती आहे की नाही यावर वर्गात पुष्कळ वाद घातला. केईएमच्या त्या मुलींनी वाद न घालता तिचे केस विंचरले.

आता आपल्या दिव्याकडे वळू. आपल्या भगिनी पहाटेच्या लोकलने कळवा, शीव, परळपर्यंत कामाला जातात. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, तोच हा रोजचा रस्ता. २२ मार्च २०२० ला आपण सर्वांनी गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर लोकल बंद झाल्या, तेव्हा या भगिनी विशेष बसगाड्यांनी कामावर गेल्या. मग ठिकठिकाणी त्याच टाळ्या वाजवणाऱ्या इमारतींच्या जिन्यात नर्स दिसली की लोक दार लावून घेऊ लागले. दिवा त्याला अपवाद होता असे आम्हाला म्हणवत नाही.

आणि परिचारिका रुग्णालयातच असते असेही नाही. आरोग्य केंद्रातील सिस्टर बाळांना लस देते, गरोदर बाईची नोंद करून रक्तदाब पाहते, क्षयाच्या रुग्णाने सहा महिन्यांच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत म्हणून पाठपुरावा करते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस गोळ्या बंद करतो, आणि आजार औषधाला दाद न देणारा होऊन एका खोलीत राहणाऱ्या घरभर पसरतो. ते टळले तर कोणालाच कळत नाही, कारण काही घडलेलेच नसते.

आम्हालाही एक कबुली द्यायची आहे. एक भगिनी अनेक रविवार मिस्सेला दिसली नाही, म्हणून भेट झाली तेव्हा आम्ही जरा टोचून बोललो. ती शांतपणे म्हणाली, "फादर, दोन नर्स आणि साठ पेशंट. मी कोणाला सांगून निघू?" आजाऱ्याच्या सेवेसारख्या गंभीर कारणाने रविवारची मिस्सा चुकली तर दोष नाही हे धर्मशिक्षणात आम्हीच शिकवतो, पण त्या दिवशी आम्ही ते विसरलो. आम्ही तिची क्षमा मागितली आहे. रविवारी पाळी असणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जरूर यावे, तिने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. तेही जमले नाही तर निरोप द्यावा, आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येऊ.

आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली माणसे ज्या घरांत आहेत, तेथे बहुधा एकच सून किंवा एकच मुलगी सारे करते. आठवड्यातून दोन तास त्यांच्याजवळ बसायला कोण तयार आहे? कूस कशी बदलावी, भरवताना ठसका कसा टाळावा, हे आपल्याच दोन नर्स भगिनी मिस्सेनंतर सभागृहात दाखवणार आहेत. पुरुषांनीही यावे. नावे कार्यालयात द्यावीत; ज्या घरांना मदत हवी आहे त्यांनी संकोच न करता आम्हाला एकटे गाठून सांगितले तरी चालेल.

आज शेवटच्या आशीर्वादापूर्वी सर्व परिचारिका आणि परिचारक बंधूंनी वेदीजवळ यावे. जे आत्ता पाळीवर आहेत, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या वतीने उभे राहावे.

आपले धर्मगुरू