रोजमेळ

‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधायचं काम एखाद्या परिभाषा समितीकडे सोपवलं, तर समिती ‘अखंड एकात्मीकरण’ असं काहीतरी ठरवून चहाला उठेल आणि ऐकणाऱ्याला वाटेल की पंधरा ऑगस्टचं भाषण सुरू झालं. वास्तविक हा शब्द आमच्या खामगावच्या कापसाच्या अडत्यांकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून पडून आहे. तो म्हणजे रोजमेळ. दिवसभराचा जमाखर्च त्याच संध्याकाळी लिहायचा, पेटीतली रोकड मोजायची, आणि दोहोंचा मेळ बसल्याशिवाय मुनीमजींनी खुंटीवरची टोपी काढायची नाही. अमेरिकेत केंट बेक नावाच्या गृहस्थाने 1999 साली प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी पुस्तक लिहून जो उपदेश केला, त्यात या टोपीचा उल्लेख नाही, एवढाच काय तो फरक.

माझा भाचा पुण्याच्या एका कंपनीचा नोकर आहे आणि नोकरी खामगावात बसून करतो. त्याच्याकडची वीज गेली की लॅपटॉप काखोटीला मारून तो आमच्याकडे येतो. त्यामुळे या विषयातलं माझं ज्ञान सर्वस्वी महावितरणच्या कृपेचं आहे. तो सांगतो ते असं: एकाच प्रोग्रामवर दहा माणसं काम करतात. प्रत्येकजण आपापली ‘ब्रँच’ घेऊन बसतो. जलंबहून खामगावला जसा बारा-तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा 1870 साली कापसासाठी काढला, तसे हे प्रत्येकाचे फाटे. पण कापूस शेवटी जलंबलाच यायचा आणि मोठ्या लायनीला लागायचा. फाट्यावरची गाडी फाट्यावर सुरेख धावते यात काही पुरुषार्थ नाही. मेन लायनीला सांधा कसा बसतो, हा प्रश्न आहे. सहा-सहा महिने सांधा न जोडता काम केलं, की जोडायच्या दिवशी रूळ वेगवेगळ्या मापाचे निघतात. मग दहाही माणसं एकच वाक्य म्हणतात. आमचा भाचा ते वऱ्हाडीत म्हणतो, “माह्या मशीनवर तर बरोबर चालून राहिलं!”

हे वाक्य ऐकून मला गहिवरून आलं. कारण जगातल्या तमाम वधूवरांच्या आईबापांचं हेच म्हणणं असतं. आमच्या घरी तर तो कधी उलटून बोलला नाही हो! आमच्याकडे ती पहाटे पाचला उठायची! खोटं कोणीच बोलत नसतं. दोघंही आपापल्या फाट्यावर अठ्ठावीस वर्षं बिनचूक धावलेली असतात, आणि इंटिग्रेशन मात्र एकदम, एका दिवसात, अक्षता टाकून करायचं असतं. एकत्र कुटुंबात ही भानगड नव्हती. तिथे सकाळी चहाच्या पातेल्यापासून रोज थोडं-थोडं भांडण व्हायचं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत थोडं-थोडं मिटायचं. त्यात सुख होतं असं मी म्हणत नाही (मला पाच काकू होत्या), पण एकदम सहा महिन्यांचं भांडण कोणाच्या वाट्याला यायचं नाही.

आणि सांधा न जुळल्याने मंगळ आडवा येतो, ही गोष्ट तर अमेरिकेलाही पटली आहे. 1999 च्या सप्टेंबरात नासाचं एक यान मंगळाजवळ पोचलं आणि नाहीसं झालं. एका बाजूच्या प्रोग्रामने आकडे पौंडाच्या हिशेबात दिले होते, दुसऱ्या बाजूने ते न्यूटनच्या हिशेबातले समजून वापरले. दोघांच्याही बेरजा आपापल्या घरी चोख. यान मात्र ठरल्यापेक्षा फार खाली शिरलं आणि गेलं.

तेव्हा रोजमेळ हवा. तो माणसाने घालायचा तर कंटाळा येतो, म्हणून यंत्राकडून घालून घेतात, आणि यंत्राला काय-काय कोणत्या क्रमाने करायचं हे सांगणं म्हणजे ‘बिल्ड प्लॅन’ लावणं. भाचा ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो लावतो त्याचं नाव ‘बांबू’. ऑस्ट्रेलियातल्या अटलासियन कंपनीने ते 2007 साली काढलं. आपल्याकडे बांबू या शब्दाचे अधिकचे अर्थ काय होतात, याची त्या भल्या माणसांना कल्पना नसावी.

प्लॅनची रचना आमच्या हिने एका क्षणात ओळखली. ती म्हणाली, “हे तर लग्नकार्य!” प्लॅनमध्ये टप्पे असतात, ते एकामागून एक: हळद, लग्न, पंगत. एका टप्प्यात अनेक ‘जॉब’ असतात आणि ते एकाच वेळी चालतात. इकडे पुऱ्या, तिकडे भाजी, पलीकडे मठ्ठा. आणि प्रत्येक जॉबात ‘टास्क’, ते पुन्हा क्रमाने: कणीक मळा, लाटा, तळा. ही कामं करणाऱ्या यंत्रांना ‘एजंट’ म्हणतात. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे उन्हातान्हात दुकानोदुकानी दहा-वीस रुपये गोळा करत फिरणारे पिग्मी एजंट उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर रोजमेळाचं मर्म त्यांच्याइतकं कोणालाच कळलेलं नसेल. पहिला टप्पा फसला तर पुढचा सुरूच होत नाही, हा मात्र लग्नकार्यात आणि बांबूत फरक आहे. आपल्याकडे नवरदेव रुसून बसला तरी पंगत थांबल्याचं ऐकिवात नाही.

कोणी नवा मजकूर जमा केला की प्लॅन आपोआप धावतो. शिवाय एकदा रात्री, सगळे झोपल्यावर, सविस्तर धावतो आणि सकाळी निकाल पाहायचा असतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. संध्याकाळी मधे घागर ठेवून भोवती धान्यं मांडायची आणि पहाटे जाऊन बघायचं की कोणता दाणा हलला, कोणता जागेवर राहिला; त्यावरून पाऊसपाण्याचं सांगायचं. बांबूचा जेंकिन्स नावाचा एक भाऊबंद आहे, तो तर शेवटच्या पाच वेळचा निकाल बघून प्रत्येक कामापुढे सूर्य, ढग नाहीतर विजांचं चित्र काढतो. हा योगायोग मी भाच्याला दाखवला, तर तो म्हणाला, “मामा, त्याले भाकीत नाही म्हणत, ते झालेलं असते.” आता झालेल्यावरून होणाऱ्याचा अंदाज बांधणं याला भाकीत नाही तर काय म्हणतात, ते मला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नाही.

सगळं जमलं की दिवा हिरवा होतो. आणि इथून पुढे मला थोडं गंभीर होणं भाग आहे.

हिरवा दिवा म्हणजे आमची तेरीज. नावे आणि जमा या दोन बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या की शाखेत सुटकेचा निःश्वास सुटतो. ही पद्धत 1494 साली व्हेनिसला पाचोली नावाच्या साधूने छापून ठेवली, आणि तेव्हापासून कारकुनांची एक समजूत आहे की तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी ही समजूत मोडून काढतात. एखादी नोंद दोन्हीकडे राहूनच गेली असेल, तरी तेरीज जुळते. एकाची रक्कम दुसऱ्याच्याच खाती टाकली, तरी जुळते. एक चूक दुसऱ्या चुकीच्या पोटात बसली, तरी फारच सुंदर जुळते. तेरजेला विचारलं नाही ते ती सांगत नाही. भाच्याच्या प्लॅनलाही जेवढ्या चाचण्या लिहून दिल्या तेवढ्याच त्या घेतो; एकही चाचणी दिली नाही तर बापडा नेहमीच हिरवा.

उलट तेरीज जुळली नाही तर काहीतरी नक्की बिघडलं आहे, एवढं मात्र शंभर टक्के खरं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला शाखेत जाडजूड लेजरं होती, आणि दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत सहा-सहा माणसं बसलेली मी पाहिली आहेत. बाहेरचा माणूस विचारतो, “अहो, दहा पैसे खिशातून टाका ना!” त्याला वाटतं फरक दहा पैशांचा आहे. तो दहा हजार जमेतले आणि नऊ हजार नऊशे नव्याण्णव रुपये नव्वद पैसे नावेतले अशा दोन परक्या चुकांनी मिळून बनलेला असू शकतो. जुने हेडक्लार्क फरकाला आधी नऊने भागून बघायचे. भाग गेला तर कोणीतरी छत्तीसचे त्रेसष्ट केलेले असण्याचा संभव. लहान फरक हा मोठ्या चुकीने पाठवलेला निरोप्या असतो. निरोप्याच्या हातावर दहा पैसे ठेवून त्याला वाटेला लावणं, याला आमच्यात पाप म्हणायचे.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं ते एका शुक्रवारी. त्याची कंपनी कर्जाच्या हप्त्यांचा प्रोग्राम करते. त्यात एक चाचणी लहरी निघाली. चार रात्री हिरवी, पाचव्या रात्री लाल, पुन्हा दोन रात्री हिरवी. दिवसा तर कधीच लाल नाही. फोनवर त्याचे वरिष्ठ म्हणाले, “क्वारंटाइन करून टाक.” बांबूत तशी सोयच आहे. चाचणीला अलग ठेवता येतं. मग ती ओरडली तरी दिवा हिरवाच राहतो. भाच्याने फोन ठेवला आणि मला विचारलं, “मामा, ही लबाडी होईल का?”

पुण्यातल्या पगाराच्या माणसाने बँकेतल्या कारकुनाला नीतीचा प्रश्न विचारावा, हा प्रसंग मी सहजासहजी हातचा जाऊ दिला नाही. मी चहा मागवला. मग सांगितलं, की या प्रश्नाला आमच्याकडे एक आख्खं खातं आहे: उचंत. ज्या रकमेचा थांग लागत नाही ती उचंत खाती टाकायची. रात्री रोकड मोजताना पाचशे रुपये जास्त आले, ते कोणाचे? ठाऊक नाही. खिशात घालायचे नाहीत, कोणाच्या तरी खात्यात चेपायचे नाहीत, फेकायचे तर नाहीतच. ‘अमुक तारखेस रुपये पाचशे जास्त, कारण अज्ञात’ असं लिहून सही करायची. माणसाने ‘मला माहीत नाही’ हे शाईने लिहून खाली सही केली, अशी जागा बँकेबाहेर फारशी आढळत नाही. ती लबाडी नव्हे.

“मग टाकू क्वारंटाइनमध्ये?”

इथे मला थांबावं लागलं. कारण उचंत खात्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. त्यात टाकलेली रक्कम पहिला आठवडा डोळ्यांत खुपते, दुसऱ्या महिन्यात ओळखीची होते आणि वर्षाने घरातल्या मोडक्या खुर्चीसारखी दिसेनाशी होते. म्हणून तपासणीला येणारे साहेब त्या खात्यातल्या रकमेआधी नोंदींचं वय बघतात. सत्य पुढे ढकलणं आणि पुरणं या दोन क्रियांत पहिल्या दिवशी काहीच फरक दिसत नाही. फावडं तेच असतं. माझ्या मते फरक एकच, दुसऱ्या दिवशी तिथे कोण जाऊन बघतो. मी म्हटलं, “टाक. पण तारीख लिही, तुझं नाव लिही, आणि मी रोज संध्याकाळी विचारणार: उचंत किती?”

मी अकरा दिवस विचारलं. दहाव्या दिवसापर्यंत भाच्याने आमच्याकडे येणं जवळजवळ बंद केलं होतं, वीज गेली तरी.

अकराव्या रात्री त्याला सापडलं. रात्रीचा प्लॅन साडेअकराला सुरू व्हायचा; पण एजंट दुसऱ्यांच्या कामात अडकलेले असले की नंबर लागेपर्यंत बारा वाजून जायचे. कंपनीच्या यंत्राचं घड्याळ होतं जागतिक वेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच आपल्याकडे अकरा तारीख, यंत्राकडे अजून दहाच. बारानंतर हप्ता भरला की तो आदल्या दिवशीचा धरला जाई. चाचणी लहरी नव्हतीच. तिला फक्त मध्यरात्रीनंतर बोलावलं, तरच ती खरं सांगू शकत होती.

मी कागदावर हिशेब केला. लाख रुपयांचं कर्ज, सात टक्के, एक दिवस: एकोणीस रुपये अठरा पैसे. आणि गंमत पुढे आहे. हे पैसे कर्जदाराच्या फायद्याचे. एक दिवसाचं व्याज वाचलं म्हणून तो काही तक्रार करायला येणार नाही. चुकलेली मुदत पाळल्यासारखी दिसली, तर तो देवाचेच आभार मानील. बँकेला कळायचं काही कारण नाही, कारण तेरीज जुळतेच. म्हणजे या चुकीबद्दल साऱ्या पृथ्वीवर तोंड उघडणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला आम्ही अकरा दिवस कोपऱ्यात बसवलं होतं. ज्या चुकीने कोणाचंच रडणं ऐकू येत नाही ती चूक असते का, हा प्रश्न भाच्याच्या वरिष्ठांनी फोनवर जरा सोप्या शब्दांत विचारला: “ग्राहकाची तक्रार आहे का?”

“नाही सर.”

“मग घाई काय? पुढच्या महिन्यात बघू.”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी मान दुसरीकडे वळवली. नोकरी त्याची होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यांना म्हणाला, “सर, दुरुस्ती दोन ओळींची आहे, मी लिहून ठेवली आहे. चाचणी मी क्वारंटाइनमधून काढतो. मग दिवा लाल दिसेल. तो तुम्ही म्हणाल तोवर लाल राहू द्या.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. लाल दिव्यासकट माल बाहेर पाठवायचा तर कोणालातरी तसं लिहून द्यावं लागतं, आणि लिहून देणं म्हटलं की पुण्यातला साहेब काय नि शेगावातला काय, सारखेच. दुरुस्ती त्याच संध्याकाळी मंजूर झाली.

आता प्लॅनमध्ये एक वेळ मुद्दाम रात्री साडेबाराची लावलेली आहे. लाल झाला तर भाच्याचा फोन वाजतो. मागच्या आठवड्यात तो आमच्याकडे मुक्कामाला होता, तेव्हा वाजला. आमची ही दचकून उठली आणि विचारू लागली, कोण गेलं? तारखेचं काही नव्हतं, दुसऱ्याच कोणाच्या तरी फाट्याचा सांधा निखळला होता. भाचा स्वयंपाकघरात दिवा लावून दोनपर्यंत बसला होता. डब्यातले शेंगदाण्याचे लाडू सकाळी मोजले तर चार कमी भरले, आणि ते कोणत्या खाती टाकायचे यावर अजून आमच्या घरात एकमत झालेलं नाही.