जातीने कसणे

१ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरात एखाद्या वाढदिवसासारखी सगळ्यांना पाठ आहे. १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि या दिवशी जमीन कसणारी कुळं तिची खरेदीदार मानली गेली. सरकारी नाव कृषक दिन. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. टिटवाळ्याजवळच्या आमच्या पावणेदोन एकरांचे हप्ते आजोबांनी भात विकून फेडले.

जमीन त्यांना का मिळाली? गरीब होते म्हणून नाही. गरीब तर शेतमजूरही होते, त्यांना काही मिळालं नाही. वारसाने तर नाहीच. कागदावर ती दुसऱ्याच्या बापजाद्यांची होती. मिळाली ती कसत होते म्हणून. कसणाऱ्याचा हक्क बसून खाणाऱ्यापेक्षा मोठा, एवढ्या एका विचारावर आमचा सातबारा उभा आहे.

आता वडील कारखान्यातून निवृत्त झालेत, मी डोंबिवलीत राहतो आणि ऐरोलीला सॉफ्टवेअर लिहितो. जमीन कसतात पलीकडच्या ठाकरवाडीतले काका आणि काकी. अकरा वर्षं झाली. निम्मा वाटा त्यांचा, निम्मा आमचा.

वसंत म्हटलं की पळस आणि आंब्याचा मोहोर एवढंच आठवतं. पळस आमच्या बांधावरही फुलतो, त्याच्याकडे बघायला मात्र फक्त मलाच वेळ असतो. भाताच्या मुलखात हे दिवस राबाचे. ज्या तुकड्यात पुढे रोप टाकायचं तिथे शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, हळूहळू भाजत जाते. तणाचं बी जळतं, पावसात रोप सहज उपटून येतं. टहाळाचे भारे काकी डोक्यावरून आणतात. (त्या धुरावरून माझं आणि काकांचं वाजतं, पण तो विषय वेगळा.) नदीकडच्या तुकड्यात भेंडी असते. ती उन्हं चढायच्या आत तोडावी लागते, एक दिवस चुकला की जून होते. लव हाताला लागून दिवसभर खाज सुटते. मी रविवारी तासभर तोडतो, त्याचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर जातात. काकी रोज तोडतात आणि पाटी घेऊन लोकलने कल्याणला जातात.

बांधावर आंब्याची आठ कलमं आहेत. पाच वर्षांपूर्वी पैसे मी दिले, खड्डे काकांनी खणले, दोन उन्हाळे हंड्याने पाणी त्यांनी घातलं. यंदा पहिल्यांदा चांगली फळं धरलीत. काकांनी विचारलं, "वाटा कसा धरायचा?" वडिलांनी माझ्यादेखत सांगितलं, "वाटा पिकाचा ठरलाय. झाड जमिनीचं."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. जॉन लॉकने १६८९ मध्ये मांडलं की माणूस आपले श्रम मातीत मिसळतो म्हणून ती त्याची होते. पण त्याच प्रकरणात तो सहज लिहून जातो की माझ्या नोकराने कापलेली माती माझीच. श्रम नोकराचे आणि मालकी धन्याची हे कसं, याचा खुलासा तो करत नाही. आपला कायदा निदान अधिक प्रामाणिक आहे. जातीने कसणे म्हणजे काय, हे त्यात लिहिलेलं आहे: स्वतःच्या कष्टाने, घरच्यांच्या कष्टाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून. मजुरी रोख द्या नाहीतर धान्यात द्या, पण पिकाचा हिस्सा म्हणून नाही. हिस्सा आला की आपण कसणारे राहत नाही. आणि कलम ३२-आर असं सांगतं की कूळ म्हणून जमीन मिळालेला माणूस ती जातीने कसेनासा झाला, तर जिल्हाधिकाऱ्याने सबळ कारणासाठी माफ केलं नाही, तर त्याला काढता येतं. म्हणजे आजोबांना ज्या तर्काने जमीन मिळाली, तोच तर्क नातवाला दार दाखवतो.

यावर गावातला तोडगा सोपा आहे: दोन-तीन वर्षांनी माणूस बदला, नाहीतर कूळ लागेल. हा सल्ला देणारेही बहुतेक कुळांचेच नातू. कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कायद्याचा धाक असा, की कसणाऱ्याला एका जागी टिकूच द्यायचं नाही! मग तो कलमं कशाला लावेल?

जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचं अधिवेशन टिटवाळ्यालाच भरलं होतं. डहाणू-उंबरगावकडचे वारली तिथे आले आणि परतल्यावर वेठीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते सारं आहे. आजोबा हे अभिमानाने सांगत. जमिनीचा कागद हातात आला त्याचं एक मूळ तिथे आहे असं ते मानत, आणि ते खोटं नाही.

वडिलांची बाजूही मला हसण्यावारी नेता येत नाही. लहानपणी त्यांनी इथेच चिखलणी केली, हप्त्यांच्या वर्षांत अर्धपोटी राहिले. झालेल्या कष्टांना मुदत असते का? माझ्या मते त्यांच्या कष्टांना नाही. पण ते कष्ट माझे नव्हेत, आणि सातबाऱ्यावर पुढचं नाव माझं लागणार आहे. आमच्या धंद्यात कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव दिसतं. शेताच्या बाबतीत उलट. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली; भेंडीत उभं राहून फोटो मी काढतो, नोंद आमच्या खात्यावर होते, नुकसानभरपाई आली तर आमच्या बँकेत येईल. ती निम्मी द्यावी असं कुठे लिहिलेलं नाही.

जमीन काकांच्या नावे करावी, असं मी म्हणत नाही. तेवढा मोठा मी नाही, आणि त्यांनी ती मागितलेलीही नाही. मी वडिलांपुढे दोन गोष्टी ठेवल्या आहेत. आंब्याचा निम्मा वाटा, आणि पाच वर्षांची बोली, लेखी. पहिली त्यांनी कुरकुरत मानली. दुसरीला म्हणाले, "लिहून दिलंस की गेली जमीन." कायद्याने पाहिलं तर ते चूक नाहीत, म्हणूनच अडचण आहे.

आमच्याकडे बोली पाडव्याला होते. काकांना लेखीचं सांगितलं तेव्हा त्यांनी कागदाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांना हवंय ते एवढंच, की विहिरीवरचा पंप पाडव्याआधी दुरुस्त व्हावा आणि बांधाच्या दुसऱ्या अंगाला शेवगा लावू द्यावा. शेवग्याला मी तिथल्या तिथे हो म्हटलं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.