तेलाचे पैसे

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याची बातमी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वाचली, तेव्हा मुलाने विचारले, "पप्पा, आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची का?" चलथाणच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती १९९५ पासून उभी आहे. मी नुसते "बघू" म्हटले. त्या 'बघू'मागे काय दडले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

गाडी १९७८ ची, नानांनी जुनी म्हणूनच घेतलेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. वालचंद जन्माने सोलापूरचे, घराणे गुजराती. नाना नोकरीसाठी खानदेशातून इकडे आलेले. ते गमतीने म्हणत, "गाडीही आपल्यासारखीच, दोन्हीकडची."

डिसेंबर १९९४. सुरतेतले प्लेगचे भय ओसरले होते. उधन्याच्या एका मिस्त्रींनी इंजिन खोलून नवी बेअरिंगे घातली आणि बजावले, "पाचशे किलोमीटर झाले की तेल बदला. पुढेही वेळेवर बदलत राहा." नानांनी तेलासाठी मला दोनदा पैसे दिले. मी वीस वर्षांचा होतो. पहिले पैसे सुरतेला मित्रांबरोबर सिनेमात आणि खाण्यात गेले, दुसऱ्यांदाचे बुटांत. दोन्ही वेळा घरी येऊन सांगितले, "बदललं."

मे १९९५ मध्ये नवापूरहून लग्न आटोपून परतताना व्यारा ओलांडले आणि इंजिनातून घणाचे घाव पडावेत तसे ठोके येऊ लागले. बारडोलीच्या अलीकडे इंजिन जाम झाले. ट्रकला दोर बांधून गाडी घरी आणली. नानांनी निकाल दिला, "मिस्त्रीने बोल्ट ढिले ठेवले." हेच ते शेजाऱ्यांत बोलले, कामावर बोलले, गणपतीच्या मंडपातही बोलले. मी प्रत्येक वेळी शेजारी उभा होतो. मिस्त्री दोनदा आमच्या दारी आले. "नाना, एकदा खोलून पाहू द्या, मग काय ते बोला," एवढेच त्यांचे म्हणणे. नानांनी गाडीला हात लावू दिला नाही. त्यानंतर आमच्या गावातली गिऱ्हाइके उधन्याकडे वळेनाशी झाली.

मुलाच्या हट्टापायी गेल्या हिवाळ्यात इंजिन चेनकप्पीने बाहेर काढले. महामार्गावरच्या गॅरेजचा तरुण कारागीर काम करीत होता. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन ते. त्याने तेलाचा बूच सोडला. तेल वाहून यायला हवे, पण डांबरासारखे काहीतरी ठिबकत राहिले. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, सुटे केले. तळाशी काळ्या गाळाचा थर होता आणि पंप जिथून तेल ओढतो ती जाळी त्याच गाळाने लिंपलेली होती. तेल वर चढायला वाटच नव्हती.

पिस्टन वरच्या बाजूने निघतात. त्यासाठी हेड उतरवावे लागते, सिलिंडरच्या तोंडाशी साचलेली कड खरवडावी लागते, नाहीतर रिंगा तुटतात. मग खालून कनेक्टिंग रॉडच्या कॅपा सोडायच्या आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन हलके वर ढकलायचे. कॅपांवर पाना लावताच तो पोरगा थबकला. "काका, बोल्ट तो बधा टाइट छे. तेल ज कोईए बदल्युं नथी."

त्याने कापडाने कॅपा पुसल्या. पहिलीवर पंचाचा एक ठिपका, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. ज्या रॉडची कॅप त्याच रॉडवर परत बसावी म्हणून मिस्त्रींनी केलेल्या त्या खुणा. एकही कॅप चुकलेली नव्हती.

मुलगा तेव्हा चहा आणायला गेला होता. कारागिराला जुनी हकिगत ठाऊक नव्हती. नाना २०११ मध्ये गेले. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळले नसते. वाचकहो, खरा प्रश्न त्या पाच मिनिटांतला आहे. विशीतल्या चुकीला वय तरी आड येते. पन्नाशीत गप्प बसलो असतो तर कोणते वय आड आले असते?

धर्मराज 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला आणि त्याचा रथ जमिनीला टेकला. तो निदान बोलला तरी. मी तर काहीच न बोलता एका माणसाचे नाव घालवले. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातले सोने चोरले आणि वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली. वडील रडले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. ही हकिगत आपल्या भागातल्या मुलांनी दोन्ही भाषांत ऐकलेली असते. मलाही वाटत आले होते की नाना असते तर मीही सांगून मोकळा झालो असतो. परंतु माझा हिशेब निराळा आहे. पैसे नानांचे गेले, अब्रू मिस्त्रींची गेली. नानांनी मला क्षमा केली असती तरी मिस्त्रींचे देणे बाकीच राहिले असते. ज्याचे घेतले त्यालाच, आणि ज्यांच्यासमोर घेतले त्यांच्यासमोरच, परत करावे लागते.

मुलगा चहा घेऊन आला, तेव्हा त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ ठिपक्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते आजोबा आहेत का अजून?"

आहेत. ऐंशी ओलांडली आहे. उधन्याला मुलाकडे राहतात. मी मान खाली घालून बोललो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "ठिपके होते ना?"

"होते, मिस्त्रीकाका. चारही."

"मग झालं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नाना असते तर बरं झालं असतं."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

क्रँक आता घासून बारीक केली आहे, तिच्यावर जाड बेअरिंगे बसतील. सिलिंडर रिबोअर करून मोठे पिस्टन घालायचे आहेत. गेलेले लोखंड परत येत नाही, नवे माप मान्य करूनच इंजिन चालवावे लागते. माझेही तसेच आहे. नानांना सांगणे आता होणे नाही. परंतु नानांचे बोलणे ज्यांनी ऐकले होते, त्यांच्यापैकी कितीतरी घरांत हा अंक जातो. त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. मिस्त्रींनी बोल्ट ढिले ठेवले नव्हते. तेलाचे पैसे मी खाल्ले होते.