आखाडातली कोंबडी

एखाद्या जिवाचा शेवट आपणच ठरवून ठेवला असला, म्हणजे त्याच्या मधल्या दिवसांची आपली जबाबदारी कमी होते काय? प्रश्न पोथीतला वाटेल. पण आमच्या शिरूर-दौंडच्या बाजूला तो खुराड्यातून येतो. वर्गातल्या एका मुलाने तो मला सरळच विचारला होता, "गुरुजी, कोंबडी आखाडात कापायचीच आहे, मग तिच्या पायाला तेल कशाला लावायचं?"

घोड आणि भीमेकाठच्या वस्त्यांवर पुष्कळ घरी चारदोन कोंबड्या असतात. त्यांतल्या एखाद्या वयस्क कोंबडीच्या पायावरचे खवले उचलू लागतात, त्यांखाली पांढुरकी भुकटी साचते, पाय वाळल्या सालीसारखा जाड व खरबरीत होतो. माणसे म्हणतात, म्हातारी झाली. पण हे म्हातारपण नव्हे. खरजेच्या किड्याचा एक भाऊबंद, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, खवल्यांखाली बिळे करून राहतो. त्याचा सारा जन्म कोंबडीच्या कातडीतच जातो, आणि रात्री एका दांडीवर बसणाऱ्या कोंबड्यांत तो एकीवरून दुसरीवर जातो. दुर्लक्ष झाले तर कोंबडी लंगडते. कधी बोटही झडते.

उपाय खर्चाचा नाही. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवावे, दातांच्या जुन्या ब्रशाने हलके घासावे, सुटून आलेली तेवढीच खपली काढावी आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन खवल्यांच्या फटींत जाईल असे चोपडावे. किडा गुदमरून मरतो. रॉकेल लावण्याची रीत मात्र सोडावी. त्याने कातडी पोळते. दांड्याही धुवाव्या; दुखणे फार वाढले असल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पण हे एकदा करून भागत नाही. आठ-आठ दिवसांनी, कित्येक आठवडे करावे लागते, आणि नवे खवले येईपर्यंत पाय विद्रूपच दिसतो. खर्च आहे तो चिकाटीचा; म्हणूनच त्या मुलाचा प्रश्न उभा राहतो.

एक उत्तर हिशेबाचे आहे: कोंबडी बरी झाली तर अंडी नीट देईल, बाकीच्यांना लागण होणार नाही. खरे आहे. पण जिचे चारच दिवस उरले, तिच्यापाशी हा हिशेब तोंड फिरवतो. दुसरे उत्तर दयेचे: मग कापूच नका. असे म्हणणाऱ्याविषयी मला आदर आहे. परंतु किडा त्यालाही मारावाच लागेल, आणि ज्या घरी आखाड होतोच, त्या घराला तो काय सांगणार?

आपल्या कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १९६० साली झालेल्या कायद्याचे तिसरे कलम म्हणते, की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची वाजवी ती सर्व काळजी घ्यावी. अकराव्या कलमात, अनावश्यक यातना होणार नसतील तर, अन्नासाठी प्राणी मारण्याची मोकळीकही आहे. मारण्याची मोकळीक आहे म्हणून सांभाळण्याचे कर्तव्य सुटले, असे कायदा कुठेच म्हणत नाही.

का म्हणत नाही? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे, की आखाड आपल्या पंचांगात आहे, कोंबडीच्या नाही. तिच्यापाशी आजची रात्र आहे, दांडी आहे आणि त्या दांडीवर टेकवलेला ठणकता पाय आहे. दुःख आजचे असते. ते उद्याच्या मरणात जमा धरून आज वजा करता येत नाही. तसे करता आले असते, तर वैद्याने सांगितलेल्या मुदतीवर जगणाऱ्या माणसाच्या उशापाशी रात्रभर कोण बसले असते?

मात्र तेल लावले म्हणून सुरीचा हिशेब फिटत नाही. ते पुण्य नव्हे, मारण्याचा परवाना तर नव्हेच. उलट ज्या हाताने आठवड्यामागून आठवडे तो पाय धुतला, त्या हाताला सुरी जड होईल. काहींना ती उचलवणारच नाही. हे अवघडलेपण टाळावे म्हणून पायाकडे न पाहणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, ते अवघडलेपण ज्याच्या वाट्याला आले, त्यालाच त्या घासाची खरी किंमत कळली.