ऐकणाऱ्यांचा स्प्रिंगस्टीन

९ मे १९७४. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड स्क्वेअर थिएटरमध्ये त्या रात्री मुख्य कार्यक्रम बॉनी रेटचा होता. तिच्याआधी न्यू जर्सीहून आलेला चोवीस वर्षांचा एक गायक आपल्या बँडसह गाऊन गेला. त्याचे दोन अल्बम बाजारात होते आणि दोन्हींचा खप बेताचाच होता. प्रेक्षकांत जॉन लँडाऊ हा तरुण समीक्षक बसला होता. काही दिवसांनी ‘द रिअल पेपर’ या बॉस्टनच्या साप्ताहिकात त्याने लेख लिहिला. त्यात ब्रूस स्प्रिंगस्टीनबद्दलचा मजकूर थोडा होता, लँडाऊच्या स्वतःच्या ऐकण्याबद्दलचा खूप. संगीताने आपल्याला कसं घडवलं, पुढे ती ओढ कशी ओसरली आणि या मैफलीत ती कशी परत आली, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. रॉक संगीताचं भविष्य आपल्याला या मुलात दिसलं, अशा अर्थाचं एक वाक्यही त्या ओघात आलं.

स्प्रिंगस्टीनच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीने ते वाक्य उचललं आणि जाहिरातीत छापलं. बाकीचा लेख मागे पडला.

चाहत्याकडे पाहण्याची संगीतव्यवसायाची त्या काळची रीत यात दिसते. त्याचं मत विक्रीच्या उपयोगाचं. पण ज्या आठवणीतून ते मत आलं, ती कोणाच्याच उपयोगाची नाही. पुढच्या पन्नास वर्षांत हा समज हळूहळू मोडत गेला. ज्यांनी ऐकलं त्यांच्या आठवणी हाही संगीताच्या इतिहासाचा भाग आहे, त्या जपायला हव्यात, ताडून पाहायला हव्यात आणि त्यांच्यावर वादही व्हायला हवा, हा विचार रुजला. स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांच्या गोष्टीत त्याचे टप्पे स्पष्ट दिसतात.

‘बॉर्न टू रन’ हा तिसरा अल्बम ऑगस्ट १९७५ मध्ये आला. लँडाऊ आता त्याच्या निर्मात्यांपैकी एक होता. ऑक्टोबरमध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात स्प्रिंगस्टीनला मुखपृष्ठावर घेतलं. पाठोपाठ व्यवस्थापक माइक ॲपेलशी कोर्टकज्जा सुरू झाला आणि १९७७ च्या मध्यापर्यंत नवं ध्वनिमुद्रण अडून राहिलं. स्टुडिओची दारं बंद, तेव्हा स्प्रिंगस्टीन गावोगावी गात राहिला. कार्यक्रम लांबत गेले, तीन तासांवर जाऊ लागले. दोन गाण्यांच्या मध्ये तो वडिलांशी झालेल्या भांडणांच्या, फ्रीहोल्ड या गावातल्या लहानपणाच्या गोष्टी सांगायचा. यातलं काहीच रेकॉर्डवर नव्हतं. जो हजर होता त्याच्या डोक्यात ते होतं, आणि जो नव्हता त्याला पहिल्याच्या सांगण्यावर विसंबावं लागत होतं.

१९७८ मध्ये या सांगण्याला पुरावा मिळाला. त्या वर्षीच्या दौऱ्यातले पाच कार्यक्रम एफएम रेडिओवरून थेट प्रसारित झाले: लॉस एंजेलिसचं रॉक्सी, क्लीव्हलँडचं अगोरा, पसेइकचं कॅपिटल थिएटर, अटलांटाचं फॉक्स थिएटर आणि सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड. घरोघरी लोकांनी रेडिओ लावून कॅसेट फिरवल्या. रॉक्सीच्या मंचावरून तर स्प्रिंगस्टीनने चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना उघडपणे टेप सुरू करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी मात्र बेकायदा रेकॉर्ड छापून विकणाऱ्यांवर त्याच्याच बाजूने खटला दाखल झाला. या दोन गोष्टींत विसंगती आहे, पण तिच्यातून चाहत्यांनी आपला नियम घडवला. कॅसेटच्या बदल्यात कॅसेट द्यायची, नाहीतर कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा. नफा कमावणाऱ्याला जवळ करायचं नाही.

कॅसेटने आठवणीची जात बदलली. ‘त्या रात्री तो जीव तोडून गायला’ हे विधान आता तपासता येऊ लागलं. चाहते तारीख, गाव, गाण्यांचा क्रम टिपून ठेवू लागले. क्लीव्हलँडची रात्र चांगली की पसेइकची, यावर वाद झडू लागले आणि दोन्ही बाजूंच्या हातात तीच ध्वनिफीत असायची. ख्याल गायकीच्या रसिकांना हे नवं वाटणार नाही. कोणत्या मैफलीत कोणता राग कसा मांडला गेला, यावर आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांनी त्या बोलण्याला तारखांची शिस्त लावली. विशेष म्हणजे २०१४ पासून स्प्रिंगस्टीनच्या अधिकृत संकेतस्थळावर जुन्या मैफली विकायला आल्या, आणि अगोराची १९७८ ची रात्र त्यात सुरुवातीलाच होती. चाहत्यांनी जे महत्त्वाचं ठरवलं होतं, त्यावर कलावंताने उशिरा का होईना, शिक्कामोर्तब केलं.

या शिस्तीला छापील घर मिळालं ते सिएटलमध्ये. ऑक्टोबर १९८० मध्ये चार्ल्स क्रॉस या तरुण पत्रकाराने ‘बॅकस्ट्रीट्स’ सुरू केलं. चार पानी पत्रकापासून सुरू झालेलं हे नियतकालिक पुढे चाहत्यांचं दप्तरखानाच झालं. मैफलींचे वृत्तान्त, गाण्यांच्या याद्या, छायाचित्रं, मुलाखती आणि वाचकांची पत्रं असं सगळं त्यात असे. इथे स्तुती असायची, पण नुसती स्तुती नसायची.

मत आणि अर्थ यांचा खरा कस १९८४ मध्ये लागला. ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ या अल्बमने स्प्रिंगस्टीनला स्टेडियममध्ये नेलं. त्याच नावाचं गाणं व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या सैनिकाचं आहे. असंख्य लोकांनी ते देशाभिमानाचं गीत म्हणून मुठी उंचावून म्हटलं. १९ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या हॅमन्टन इथे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर त्याने, राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल बरं, ‘नेब्रास्का’ तर नसावा, असं म्हणून कारखाना बंद पडल्यावर गुन्ह्याकडे वळलेल्या माणसाचं ‘जॉनी ९९’ गायलं. चाहत्यांतही फूट पडली. जुन्यांना वाटलं, या गर्दीला गाणं कळलेलंच नाही. नव्यांना वाटलं, ज्या गाण्याने आपल्याला उभं केलं त्याचा अर्थ दुसऱ्याने का ठरवावा? ऐकणारे एकसारखे नसतात, हे इथे पहिल्यांदा ढळढळीतपणे समोर आलं.

आठवणीची ताकद आणि मर्यादा दोन्ही १९८८ मध्ये दिसल्या. १९ जुलैला पूर्व बर्लिनमधल्या व्हाइसेनझे इथल्या सायकल शर्यतीच्या मैदानावर तो गायला. दीड लाखाहून अधिक माणसं जमली होती. काही अंदाज याच्या दुप्पट आहेत. कार्यक्रम कम्युनिस्ट युवक संघटनेने भरवला होता. मंचावरून स्प्रिंगस्टीनने जर्मन भाषेत सांगितलं की तो कोणत्याही सरकारच्या बाजूने किंवा विरोधात आलेला नाही, पण सगळे अडसर एक दिवस दूर व्हावेत अशी त्याची आशा आहे. पंचवीस वर्षांनी एरिक कर्शबॉम या पत्रकाराने हजर असलेल्यांच्या आठवणी गोळा करून पुस्तक लिहिलं. त्या मैफलीनंतर सोळा महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली, त्यामुळे ती रात्र आणि ती घटना यांना एकाच धाग्यात ओवण्याचा मोह अनेकांना होतो. एका मैफलीने भिंत पडली, असं या आठवणींवरून सिद्ध होत नाही. बंदिस्त देशातल्या तरुणांना त्या रात्री काय हवंहवंसं वाटलं, हे मात्र त्या नेमकं सांगतात. सरकारी कागदांत ते सापडणार नाही.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा मानवी हक्कांचा दौरा दिल्लीला आला. जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन्दूर यांच्यासोबत स्प्रिंगस्टीन गायला. कॅसेटवरून त्याला ओळखणाऱ्या भारतीय श्रोत्यांना तो प्रत्यक्ष ऐकायला मिळाला.

१९९८ मध्ये डॅनियल कविकी या अभ्यासकाने स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांवर आख्खा ग्रंथ लिहिला. तो स्वतः चाहता होता आणि ते त्याने लपवलं नाही. चाहता म्हणजे भारावलेला, विचार न करणारा माणूस, हा जुना समज त्याने चाहत्यांशी बोलून खोडला. लोक गाण्यांच्या आधारे आपल्या नोकरीचा, लग्नाचा, गाव सोडल्याचा अर्थ लावत होते. समीक्षकाला लागू होणारं गांभीर्य त्याने सामान्य श्रोत्यालाही दिलं.

हे गांभीर्य २००१ मध्ये कलावंतापर्यंत पोचलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मृतांची छोटी छोटी शब्दचित्रं छापली. मृतांपैकी अनेक जण स्प्रिंगस्टीनचे चाहते असल्याचं त्यांतून कळत गेलं. त्याने काही कुटुंबांना स्वतः फोन केले, त्यांचं बोलणं ऐकलं. जुलै २००२ मध्ये ‘द रायझिंग’ हा अल्बम आला, त्यात जळत्या इमारतीत जिने चढत गेलेल्या अग्निशामक जवानांची गाणी आहेत. आतापर्यंत ऐकणारे त्याची आठवण सांगत होते. इथे त्यांच्या माणसांच्या आठवणी त्याने ऐकल्या आणि त्यांची गाणी झाली.

अशीच एक गोष्ट इंग्लंडमधल्या लूटनची. सरफराज मंजूर हा पाकिस्तानी कुटुंबातला मुलगा. त्याचे वडील व्हॉक्सहॉलच्या मोटार कारखान्यात कामाला होते. बापाचा धाक, पैशांची तंगी आणि घरातून निघून जाण्याची इच्छा हे सगळं त्याला न्यू जर्सीच्या त्या गाण्यांत सापडलं. स्प्रिंगस्टीनच्या वडिलांनीही कारखान्यात काम केलं होतं आणि बापलेकांचं पटत नव्हतं. मंजूरने २००७ मध्ये आपल्या आठवणी पुस्तकात लिहिल्या. स्प्रिंगस्टीनने ते वाचलं, आवडल्याचं लेखकाला भेटून सांगितलं आणि गुरिंदर चढ्ढाच्या २०१९ च्या ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ या चित्रपटाला आपली गाणी वापरू दिली.

दरम्यान न्यू जर्सीत एक फार मोलाचं काम उभं राहत होतं. २००१ मध्ये ‘बॅकस्ट्रीट्स’च्या पुढाकाराने चाहत्यांनी आपल्याकडची मासिकं, पुस्तकं, कात्रणं, कार्यक्रमपत्रिका दिल्या आणि अ‍ॅसबरी पार्कच्या सार्वजनिक वाचनालयात संग्रह सुरू झाला. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २०११ मध्ये तो जवळच्या मनमथ विद्यापीठात गेला. ‘बॉर्न टू रन’ची गाणी ज्या छोट्या भाड्याच्या घरात लिहिली गेली, ते लाँग ब्रँचमधलं घर तिथून दूर नाही. २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि स्प्रिंगस्टीनने मिळून या संग्रहाला त्याच्या अधिकृत दप्तराचा दर्जा दिला. आज त्यात हजारो वस्तू आहेत आणि त्या अनेक देशांतून आलेल्या आहेत. ज्या कागदांना घरच्यांनी रद्दी म्हटलं असतं, ते आज संशोधक जपून उलगडतात.

पण हा प्रवास इथे संपवला तर त्यातला कठीण भाग निसटेल. जपणाऱ्याला नाराज होण्याचाही हक्क असतो.

जून २००० मध्ये स्प्रिंगस्टीनने ‘अमेरिकन स्किन’ हे गाणं गायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अमादू दियालो या नि:शस्त्र तरुणावर झाडलेल्या ४१ गोळ्यांचं ते गाणं. त्याच्या श्रोत्यांत पोलिसांची संख्या मोठी होती. न्यूयॉर्कच्या पोलीस संघटनेच्या अध्यक्षांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमांवर बहिष्कार टाकायला सांगितलं. सभागृहात टाळ्याही झाल्या आणि निषेधाचे आवाजही उठले. त्याने गाणं मागे घेतलं नाही.

तिथे कलावंत आपल्या श्रोत्यांच्या एका गटापेक्षा पुढे उभा होता. २०२२ मध्ये उलट घडलं. नव्या दौऱ्याची तिकिटं मागणीनुसार किंमत वाढवणाऱ्या पद्धतीने विकली गेली आणि काही जागांचे भाव पाच हजार डॉलरांच्या घरात पोचले. काळाबाजार करणाऱ्याच्या खिशात जाणारा पैसा मंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये, अशी बाजू स्प्रिंगस्टीनने मांडली. तिच्यात तथ्य आहे. पण कामगारांची, हातावर पोट असलेल्यांची गाणी पन्नास वर्षं ऐकलेल्या माणसाला ती पुरेशी वाटली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये संपादक क्रिस्टोफर फिलिप्स यांनी ‘बॅकस्ट्रीट्स’ बंद केलं. ज्यांच्या पुढाकाराने विद्यापीठातल्या संग्रहाचा पाया घातला गेला, त्यांनीच ४३ वर्षांचं काम थांबवलं, आणि कारणं सविस्तर, सभ्य शब्दांत लिहून ठेवली.

त्यांचं ते निवेदन चाहत्यांच्या इतिहासात १९७८ च्या कॅसेटइतकंच महत्त्वाचं आहे. गाण्यांतली मूल्यं मनापासून खरी मानल्याशिवाय असं निवेदन लिहिलं जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मनमथ विद्यापीठाने या संग्रहासाठी स्वतंत्र इमारत जाहीर केली. तिथे गिटारी येतील, हस्तलिखितं येतील, तिकिटांचे अर्धे फाडलेले तुकडे येतील. त्यांच्याच शेजारी २००० मधली संतापलेली पत्रं आणि २०२३ मधलं ते निवेदन ठेवायला हवं. उद्याचा अभ्यासक स्प्रिंगस्टीनवर लिहायला बसेल तेव्हा त्याला प्रेम करणारेही भेटावेत आणि प्रेमापोटी भांडलेलेही, कारण पुष्कळदा ती एकच माणसं होती.